नोंदणी नाकारण्याची कारणे

आमच्या खात्यावर कोणी लेख लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. फौजदार लिहितात, मास्तर लिहितात, जंगलखात्यातले लोक वाघांबद्दल लिहितात. सब-रजिस्ट्रारने कशाबद्दल लिहावे? आमच्याकडे माणूस आयुष्यात दोन-तीनदा येतो, बाकावर बसून घाम पुसतो, अंगठा उमटवतो, तो धोतराला पुसतो आणि जातो. तरीही संपादकांनी या दिवाळीसाठी नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती थोड्या आहेत, त्या येतील तिथे सांगेन. पण पेन्शन सुरू होऊन वर्ष झाले तरी माझ्या मनात वरचेवर येते ती एक बाई, आणि तिच्याबद्दल लिहायचे तर माझ्या घरातलेही लिहावे लागेल.

आधी आमचे काम काय ते सांगतो. शेत विकणे, बक्षीस देणे, भावाभावांत वाटणी करणे, असा कोणताही कागद पक्का व्हायचा तर लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर येऊन तो कबूल करावा लागतो. व्यवहार शहाणपणाचा की खुळेपणाचा, हे पाहण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही तीनच गोष्टी पाहतो. आलेला माणूस तोच आहे का, अंगठा त्याने राजीखुशीने दिला का, आणि त्याची बुद्धी ठिकाणावर आहे का. पहिलीसाठी ओळख पटवणारा साक्षीदार लागतो, बहुधा गावचा कोतवाल. दुसरीसाठी प्रश्न विचारायचे. तिसरीबद्दल कायदा एवढेच म्हणतो, की अधिकाऱ्याला माणूस वेडा दिसला तर नोंदणी करू नये. कसा दिसला म्हणजे वेडा, हे तो सांगत नाही. ते ज्याचे त्याने आपल्या डोळ्यांनी ठरवायचे.

सारे ठीक असेल तर कागदाच्या पाठीवर शेरा लिहून सही करायची. नसेल तर नोंदणी नाकारायची आणि नाकारण्याची कारणे एका वेगळ्या पुस्तकात लिहायची. त्याला आम्ही दोन नंबरचे पुस्तक म्हणत असू. ते फार पातळ असते. कित्येक अधिकारी बदलून जातात तरी त्यातले पान उलटत नाही. माझ्या हाताखाली ते बरेच भरले, आणि काही वर्षे मला त्याचा अभिमान होता.

माझी कचेरी भंडारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला एका कसब्यात होती. गावाचे नाव देत नाही, त्यातली माणसे अजून हयात आहेत.

माझी आई मी रांगत असताना गेली. मला वाढवले आत्याने, वडिलांच्या विधवा बहिणीने. आमचे गाव आमगावजवळचे, धानाच्या बांध्यांमधले. घराण्यात माझ्याआधी कोणी चौथीपलीकडे गेले नव्हते. मास्तरांनी मला पुढे शिकवा म्हटले तेव्हा वडील गप्प बसले, आणि आत्या मला घेऊन गोंदियाला आली. राइस मिलच्या मागे एक खोली घेऊन ती विड्या वळायला बसली. मी मॅट्रिक होईपर्यंत तिची मांडी आणि मांडीवरचे सूप, दोन्ही हलली नाहीत. पुढे नागपूरला शिकून बी. ए. झालो आणि तिला सांगायला गावी गेलो, तेव्हा तिने विचारले, "आता अजून किती राहिलं?" मी म्हटले, संपले. "मंग जेव," ती म्हणाली.

नोकरी लागल्यावर मी तिला आपल्याजवळ आणले. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास तिचे बिघडू लागले. आधी भाजीत मीठ दोनदा पडे. मग ती चुलीपुढे बसून चूल कुठे आहे ते विचारी. मग एका दुपारी दारात उभी राहून तिने माझ्या पत्नीला विचारले, "आमचे बाजारातून आले का वो?" तिचा नवरा मरून चाळीस वर्षे झाली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वय झाल्याचे सांगितले आणि औषध नाही म्हणाले. शेजारी म्हणत, म्हातारीला चळ लागला. तो शब्द मी घरात उच्चारू देत नसे, आणि घराबाहेर मी कोणाला काही सांगितलेच नाही. जिच्या विड्यांवर मी अधिकारी झालो तिला लोकांनी हसावे, हे मला सोसणार नाही, असे मी स्वतःला सांगत असे. त्यात माझी स्वतःची लाजही होती, हे आता लिहायला हरकत नाही.

माझी पत्नी यमुना तीन लहान मुले, चूल आणि आत्या, सारे एकटी सांभाळत होती. आत्या पाठ वळली की बाहेर पडे. एकदा ती रेल्वेच्या रुळांवरून अर्धा मैल गेलेली सापडली. त्या संध्याकाळी मी घरी येऊन टोपी काढून खुंटीला लावली, तेव्हा यमुना शांतपणे म्हणाली, "तुमची कचेरी पाचले सुटते. माही कवा सुटते, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मी आत्याला बरोबर नेऊ लागलो.

कचेरीच्या व्हरांड्यात, खांबाला टेकून ती बसे. पुढ्यात तेंदूची पाने, कात्री, दोरा आणि पान कापायचा पत्र्याचा नमुना. तंबाखू देत नसे. ती नुसती पाने कापून रिकाम्या विड्या वळी, आणि आमचा चपराशी दौलत संध्याकाळी त्या हळूच उलगडून ठेवी. दौलत जंगलपट्टीतला गोंड माणूस, फार कमी बोलणारा. आत्या कोण हे त्याला आणि आमच्या मोहरिराला, म्हणजे कारकून मिसरजींना, तेवढे माहीत होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, कोणा पक्षकाराची म्हातारी असेल. मी तसे वाटू देत होतो. दिवसातून दहा वेळा तिच्यासमोरून जात होतो, पण थांबत नव्हतो.

गंमत म्हणतात ती एकदा झाली. दोन भावांच्या वाटणीचा कागद होता. बारा वर्षे भांडून ते एकदाचे वाटणीला तयार झाले होते. कागद लिहून देणारा अर्जनवीस तो बाकावर ठेवून पान खायला गेला, आणि परत येतो तो आत्याने पत्र्याचा नमुना ठेवून त्या कागदाची सुबक अकरा पाने कापली होती. अर्जनवीस कपाळाला हात लावून उभा राहिला. धाकटा भाऊ म्हणाला, हे मोठ्याचेच काम, त्यानेच म्हातारीला बसवली. मोठ्याने खाली वाकून तुकडे उचलले, एकावर एक ठेवून पाहिले आणि म्हणाला, "नाही रे बाप्पा. हिनं खरी वाटणी केली. सारे तुकडे सारखे हायेत." त्यावर धाकटाही हसला. दोघे मिळून पान खायला गेले आणि कागद दुसऱ्या दिवशी नव्याने झाला. सगळे हसले. मी खोलीत बसून होतो आणि त्या वेळीही मला म्हणवले नाही, की ही माझी आत्या आहे.

आत्याकडून मी एक गोष्ट शिकलो, जी कुठल्या परीक्षेत नव्हती. या आजाराची माणसे पुष्कळदा "हो" म्हणतात. प्रश्न कळलेला नसतो, पण समोरचा माणूस रागावू नये एवढे कळत असते. त्यामुळे "हा अंगठा तुमचा का, राजीखुशीने दिला का" या आमच्या ठरावीक प्रश्नांना अशी म्हातारी माणसे फार छान उत्तरे देतात.

एका मोठ्या घरच्या आजींना त्यांचा नातू दमणीतून घेऊन आला. सारी जमीन त्याच्या नावे. आजी हसतमुख, प्रत्येक प्रश्नाला हो. एरवी मी दोन मिनिटांत सही केली असती. त्या दिवशी मी नातवाला आणि साक्षीदारांना बाहेर पाठवले आणि विचारले, "आजी, तुम्ही माझी मुलगी का?"

"हो जी," त्या तितक्याच गोड हसून म्हणाल्या.

मी नोंदणी नाकारली. नातवाने वर अपील केले. जिल्ह्याच्या साहेबांनी माझा हुकूम कायम केला आणि चांगला शेराही दिला. तेव्हापासून मी पद्धतच पाडली. माणूस वयस्क असला की सगळ्यांना बाहेर काढायचे, म्हणजे कोणी खुणा करणार नाही, आणि मग घरातल्या साध्या गोष्टी विचारायच्या. घरी म्हैस कोण धुते, मुले किती, ती कुठे असतात. माझी नजर फार तीक्ष्ण झाली, असे मला वाटू लागले. खरे तर मी समोरच्या प्रत्येक म्हातारीत आत्या शोधत होतो आणि शोधली की ती मला सापडत होती.

इतवारीबाई आली ती धानाची रोवणी, म्हणजे लावणी, आटोपल्यावर. चिचगडच्या बाजूचे जंगलातले गाव, तिथून बैलबंडीने दोन दिवसांची वाट. सत्तरीची काटक गोंड बाई, बरोबर विधवा सून सुकवारो आणि गावचा कोतवाल. इतवारीबाईला तिच्या बापाने तिच्या नावावर एक शेत करून दिले होते. तिचा एकुलता मुलगा चार वर्षांपूर्वी वारला. आता तिच्या नवऱ्याच्या पुतण्यांचा डोळा त्या शेतावर होता. सुकवारोने त्यांच्यापैकी एकाशी संसार मांडावा, अशी त्यांची इच्छा होती. ती तिने मानली नाही. म्हातारीने डोळे मिटले की तू या गावात दिसायची नाहीस, असे त्यांनी सुकवारोला सांगून ठेवले होते. म्हणून इतवारीबाईने ते शेत सुनेला बक्षीस लिहून दिले होते आणि कागद नोंदवायला आणला होता. नोंद झाली तर सुकवारोला राहायला गाव होते. नाही तर नव्हते.

त्या दिवशी पाऊस होता. यमुनाला आठ दिवस हिवताप येत होता, ती पडून होती. पावसामुळे आत्याला मी घरीच ठेवले होते. इतवारीबाईला समोर बसवून मी सगळ्यांना बाहेर काढले, दौलतलाही. तिने नाव सांगितले. शेत कोणाचे? माझे. कोणाला देता? सुनेला. इतक्यात शेजारचा गृहस्थ खिडकीशी येऊन सांगून गेला, की तुमची म्हातारी घरात दिसत नाही. मी उठायला हवे होते, नाहीतर प्रश्न तिथेच थांबवायला हवे होते. मी दोन्ही केले नाही. मी घाईने पुढचा प्रश्न विचारला.

"मुलं किती?"

"एक."

"कुठे आहे?"

"घरी."

कागदात सून विधवा लिहिलेली होती. मी पुन्हा विचारले, "मुलगा घरी आहे?"

"हाय ना जी. घरीच हाय."

"मेला नाही?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी काही अभद्र बोललो होतो. मग म्हणाली, "मेला. आता घरी हाय."

घरी तीन वर्षे मी हेच ऐकत होतो. मेलेला नवरा बाजारात गेलेला असे, मेलेला भाऊ अंगणात बैल सोडत असे. मी दोन नंबरचे पुस्तक ओढले आणि पाच ओळी इंग्रजीत लिहिल्या, की बाईची बुद्धी ठिकाणावर दिसत नाही, मृत मुलाला ती जिवंत समजते. नकार दिलेल्या माणसाला मी एरवी जवळ बसवून सांगत असे, की जिल्ह्याच्या साहेबांकडे तीस दिवसांत अपील करता येते. त्या दिवशी मी नक्कल कोतवालाच्या हातात दिली आणि छत्री न घेता निघालो. कागद इंग्रजी होता, आणि त्या तिघांत वाचता येणारे कोणी नव्हते.

आत्या आठवडी बाजारात एका बांगडीवालीच्या पालाखाली सापडली. भिजली नव्हती. मला पाहून म्हणाली, "तू कोनाचा बा? आमचे दिसले का?"

तीन आठवड्यांनी चिचगडपलीकडच्या एका गावात जाण्याचा प्रसंग आला. आजारी माणूस कचेरीत येऊ शकत नसेल तर आम्हाला त्याच्या घरी जाऊन कागद करून द्यावा लागतो. यमुनाचा ताप उतरला नव्हता. मी आत्याला बंडीत घातले. सरकारी कामावर घरचे माणूस नेऊ नये, हे मला माहीत होते, पण दुसरा इलाज नव्हता. दौलत बंडी हाकत होता.

प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चांगले वर आले असताना, आम्ही एका नाल्याशी पोचलो. पलीकडच्या काठावर पंधरा-वीस माणसे पाण्यात उतरलेली. एक माणूस पाण्याकडे पाहून कोणाला तरी नावाने हाका मारत होता. थोड्या वेळाने त्यांनी एका लहान मडक्यात काही धरले, त्यावर कापड झाकले आणि सगळे गावाकडे निघाले. आत्या बंडीतून उतरली. मी तिला धरायच्या आत ती त्या बायकांच्या घोळक्यात शिरली. त्यांनी तिला तू कोण म्हणून विचारले नाही. एकीने तिचा हात धरला आणि ती पदर डोक्यावर घेऊन, आपल्या घरचेच काही असावे तशी, त्यांच्याबरोबर चालू लागली. आम्ही मागून बंडी हळू हाकली.

मी दौलतला विचारले, हे काय आहे.

"घरच्याले आनून राहिले जी," तो म्हणाला. माणूस मेला की त्याचा जीव पाण्यावर जातो. मग घरचे लोक त्याला तिथून बोलावून आणतात आणि घरच्या देवांमध्ये बसवतात. एकदा आणला की तो कुठे जात नाही. घरीच असतो.

मी पुढे चाललेल्या त्या मडक्याकडे पाहिले. मग विचारले, सगळेच असे करतात का.

"आमच्यात सारेच."

"मग त्या दिवशी इतवारीबाईचं... तू मला सांगितलं का नाहीस?"

दौलतने बैलांकडेच पाहत उत्तर दिले. "तुमी मले बाहेर काढलं जी. मंग मले विचारलं कोनी?"

गावाच्या वेशीशी आत्याला पुन्हा बंडीत बसवले. आजारी माणसाचा कागद उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाट बदलून इतवारीबाईच्या गावी गेलो. ती अंगणात खाटेवर पडलेली होती, तापाने सुकलेली. सुकवारो कांडलेले तांदूळ पाखडत होती, आम्हाला पाहून तिने सूप खाली ठेवले नाही. मी खाटेशी उकिडवा बसलो आणि दौलतला सांगितले, तिला सांग, माझी चूक झाली. कागद पुन्हा करू, मी इथे येऊन नोंदवतो.

तिला दौलतची गरज पडली नाही. पुतण्यांनी माझा इंग्रजी हुकूम कोणाकडून तरी वाचून घेतला होता आणि गावभर सांगितला होता.

"तू मले पागल लिवलं," ती म्हणाली. "आता कितीक अंगठे देऊ? पागलाचेच अंगठे."

कायद्याच्या माणसाला ती कायदा सांगत होती. माझ्या पुस्तकातले पान फाडता येत नव्हते. उद्या पुतणे कोर्टात गेले तर पहिला कागद म्हणून माझाच हुकूम पुढे ठेवणार होते. नुसता नवा दस्त करून भागणार नव्हते. जुना निष्कर्ष चुकीचा होता, हे लिहायला हवे होते, आणि ते लिहिणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

परत आल्यावर मी मिसरजींना बेत सांगितला. ते चांगले माणूस, माझ्याहून वयाने मोठे. त्यांनी चष्मा पुसला. "साहब, दस्त कर दीजिए, पुण्य का काम है. लेकिन अपनी गलती अपने हाथ से मत लिखिए. लिखा हुआ ऊपर तक जाता है." ते म्हणाले ते खरेच होते. माझी बढती त्या साली यायची होती.

आठ दिवसांनी रीतसर अर्ज घेऊन, अर्जनवीसासह मी पुन्हा गेलो. या वेळी कोणाला बाहेर काढले नाही. दौलतला दुभाषा म्हणून शेजारी बसवले. मी तोच प्रश्न विचारला, मुलगा कुठे आहे. घरी. मग विचारले, पुढच्या रोवणीला शेतात कोण उतरणार?

"सुकवारो. दुसरं कोन हाय?" इतवारीबाई म्हणाली. "आता तरी समजलं का तुले?"

तिने अंगठा दिला. कागदाच्या पाठीवर मी नेहमीचा शेरा लिहिला आणि त्याखाली आणखी चार ओळी, की माझा आधीचा नकार चुकीचा होता, बाईचे उत्तर तिच्या लोकांच्या रीतीला धरून होते आणि ते समजून घेण्यात मी कमी पडलो. महिन्याभरात वरून खुलासा मागवला गेला. ताकीद मिळाली. बढती दुसऱ्याला गेली. यमुनाला सांगितले तेव्हा ती म्हणाली, बदली तर नाही ना केली, मग झाले. आत्याला नव्या गावात कुठे शोधत फिरायचे?

इतवारीबाई उन्हाळ्यात गेली. पावसाळ्याआधी पुतण्यांनी दावा लावला, की म्हातारी वेडी होती, बक्षीसपत्र रद्द करा. मला साक्षीचे समन्स आले.

कोर्टात गावची अर्धी मंडळी होती. व्यापारी, अर्जनवीस, रोज कचेरीत येणारे चेहरे. सुकवारो भिंतीशी बसली होती. पुतण्यांचे वकील हुशार, चाळिशीचे. त्यांनी माझा पहिला हुकूम मोठ्याने वाचला आणि विचारले, हा आपल्याच हातचा ना. हो. मग बदलले काय? मी रीत सांगितली. ही माहिती कोणी दिली? चपराश्याने. म्हणजे आपल्या पंधरा वर्षांच्या नजरेपेक्षा चपराश्याचा शब्द मोठा? मी म्हटले, या बाबतीत हो. लोक हसले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "इतकी वर्षं माणसांची बुद्धी पारखणाऱ्या अधिकाऱ्याला एका म्हातारीचं साधं उत्तर कळू नये, याला कारण काय?"

कारण मला माहीत होते. ते त्या वेळी माझ्या घरी, यमुनाच्या नजरेखाली, रिकाम्या विड्या वळत बसले होते. ते सांगितले नाही तर माझा पहिला हुकूम खरा ठरत होता आणि सुकवारोचे शेत जात होते.

मी सांगितले. माझ्या घरी मला वाढवणारी आत्या आहे. तिला तीन-चार वर्षांपासून माणसे ओळखू येत नाहीत, मेलेली माणसे ती जिवंत समजते. कचेरीच्या व्हरांड्यात बसलेली जी म्हातारी तुम्ही पाहता ती तीच. मला आता प्रत्येक म्हातारीच्या तोंडून तिचेच बोलणे ऐकू येते. त्या दिवशी ती हरवली होती, बायको तापाने पडली होती, आणि समोरची बाई काय म्हणते हे मी ऐकले नाही.

कोणी हसले नाही. वकिलांनी क्षणभर कागद चाळले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी आपलीच बुद्धी ठिकाणावर नव्हती, असं लिहून घ्यायचं का?"

"घ्या लिहून."

मुन्सफांनी लेखणी थांबवली. आपण शपथेवर आहात, विचार करून उत्तर द्या, असे ते म्हणाले. मी म्हटले, "विचार करूनच सांगतो. मी फार थकलो होतो. त्या खोलीत त्या दिवशी दोनच माणसं होती, आणि शुद्धीवर होती ती इतवारीबाई."

निकाल दोन महिन्यांनी सुकवारोच्या बाजूने लागला. ती आभार मानायला आली नाही, आणि तिने का यावे? त्या सालची रोवणी तिनेच केली, असे दौलतकडून कळले. आत्या त्यानंतर दीड वर्ष होती. व्हरांड्यात बसतच होती. आता कोणी विचारले की मी सांगत असे, ही माझी आत्या. शेवटपर्यंत तिने मला मात्र साहेब म्हटले.

साक्षीच्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. माझी साक्ष संपल्यावर मधली सुटी झाली. मी कोर्टाच्या पायरीवर बसून पाणी पीत होतो. पुतण्यांचे वकील बाहेर आले, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मला वाटले, आता आणखी काही काढतील.

"तुमच्या आत्या जेवतात का?" त्यांनी हळूच विचारले. "आमची आई आठ दिवस झाले, घास तोंडात धरून ठेवते. गिळत नाही. कोणाला विचारावं ते समजत नाही."

मी सांगितले, घास बोराएवढा करा. घाई करू नका. समोर बसून तुम्ही स्वतः खा, तुमच्याकडे पाहून ती गिळेल. पहिले काही दिवस पातळ पेजच द्या. मग विचारले, भरवते कोण?

"बायको."

"मग आज तुम्ही भरवा. मी हे फार उशिरा सुरू केलं."

त्यांनी मान हलवली. पेजेत मीठ घालायचे का, दूध चालेल का, असे दोन-तीन प्रश्न विचारले, आणि माझी उत्तरे खटल्याच्या कागदाच्या मागे शिसपेन्सिलीने लिहून घेतली. इतक्यात पुकारा झाला. ते उठले, कोट झटकला, कागद काखेत घेतले, आणि आत जाऊन माझ्याविरुद्ध तासभर फार चांगले बोलले.